मारी लोकांविषयी मराठीत लिहिणाऱ्या कोशकार, संपादक आणि अनुवादकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

व्होल्गाकाठच्या मारी लोकांवर मराठीत फार लिहिलं जात नाही. कोशातली एखादी नोंद, भाषाविज्ञानाच्या पुस्तकातला एखादा परिच्छेद, पुरवणीतला लेख, रशियनवरून आणलेली लोककथा, एवढ्यावर भागतं. मजकूरच थोडा असल्यामुळे तो तपासणारेही थोडे, आणि एकदा छापलेली चूक पुढचे लोक निमूटपणे उतरवून घेतात. मारी शब्द आधी रशियनमध्ये जातो, तिथून इंग्रजीत, मग आपल्याकडे येतो आणि दर नाक्यावर त्यातलं काही ना काही गळतं. गंमत अशी की जे गळतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची सोय मराठीत आधीपासून आहे. तेव्हा मधले दोन नाके टाळून लिहा, एवढंच आमचं मागणं. ते कसं जमेल, हे पुढे सविस्तर मांडतो.

आधी नाव. जुन्या रशियन कागदपत्रांत आणि त्यावरून लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथांत या लोकांना ‘चेरेमिस’ म्हटलेलं सापडेल. ते शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला मारी म्हणवतात आणि जुलै १९१७मध्ये बिर्स्क इथे भरलेल्या मारींच्या परिषदेने हेच नाव अधिकृत म्हणून उचलून धरलं. म्हणून नोंदीचं शीर्षक ‘मारी’ असावं. ‘चेरेमिस’ पूर्ण पुसूनही चालणार नाही, कारण सोळाव्या शतकातल्या लढायांना इतिहासकार ‘चेरेमिस युद्धं’च म्हणतात आणि जुन्या ग्रंथांत शोधणाऱ्याला तोच शब्द लागेल. शीर्षकाखाली एकदा ‘पूर्वीचं रशियन नाव चेरेमिस’ असं लिहिलं की काम झालं. ‘मारी किंवा चेरेमिस’ अशी जोडी मात्र लावू नका. त्यातून दोन्ही नावं आजही सारख्याच मानाची आहेत असं वाटतं.

नावाच्या सारखेपणामुळे आणखी एक घोटाळा होतो. सीरियातलं मारी हे पुरातन नगर, बलुचिस्तानातली मर्री टोळी आणि आपल्या गडचिरोलीतले माडिया यांचा व्होल्गेच्या मारींशी काडीचाही संबंध नाही. माडियांना जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘मारिया’ लिहीत, त्यामुळे सूची करताना हे दोघे शेजारी येऊन बसतात. सूचीत नावापुढे ‘व्होल्गा खोरं, रशिया’ असं लिहिलंत की प्रश्न मिटतो.

आता लेखन. मारी भाषा सिरिलिक लिपीत लिहितात, पण काही अक्षरं रशियनमध्ये नसलेली आहेत आणि काही अक्षरं दिसायला तीच असली तरी उच्चार वेगळा आहे. सगळ्यात मोठी चूक याच दुसऱ्या प्रकारात होते. रशियनमधला जो स्वर मराठीत आपण सवयीने ‘इ’ लिहितो (इंग्रजीत त्यासाठी ‘वाय’ वापरतात), तेच अक्षर मारीत एका आखूड, तोंडातल्या तोंडात उच्चारल्या जाणाऱ्या स्वरासाठी येतं. तो स्वर जवळजवळ आपला ‘अ’ आहे. रशियनला आणि इंग्रजीला त्यासाठी धड अक्षर नाही. देवनागरीत तर तो प्रत्येक व्यंजनात आयताच बसलेला असतो. म्हणून कुरणाला ‘ओलक’ लिहा, ‘ओलिक’ नको. मुलीला ‘युदर’ लिहा, ‘युदिर’ नको. दंतकथेतल्या वीराचं नाव ‘चुम्बलात’, हिवाळी सणाचं ‘शोरकयोल’.

दुसरी सोय ‘ङ’ची. मुळाक्षरं म्हणताना आपण हे अक्षर उच्चारतो आणि नंतर विसरून जातो. मारीत तो ध्वनी शब्दाच्या शेवटी सुटा येतो. माणसाला ‘येङ’ म्हणतात. ‘येंग’ लिहिलं की शेवटी एक फुकटचा ‘ग’ चिकटतो, आणि ‘यंग’ लिहिलं तर वाचकाला तो इंग्रजी शब्द वाटतो.

खरी अडचण आहे ती टिंबवाल्या स्वरांची. जर्मनमध्ये असतात तसे, ओठ गोल करून जीभ पुढे आणून काढायचे दोन स्वर मारीत आहेत. त्यांना मराठीत स्वतःचं चिन्ह नाही. जर्मन नावांसाठी आपल्याकडे ‘क्योल्न’सारखी पद्धत रुळली आहे, तीच इथे वापरावी. एकासाठी ‘यु’, दुसऱ्यासाठी ‘यो’. म्हणजे घर ‘प्योर्त’, शंभर ‘श्युद्यो’. यात एक तोटा आहे. देवाला ‘युमो’ म्हणतात आणि त्यातलं ‘यु’ खरोखरच य् अधिक उ आहे, तर ‘युदर’मधलं ‘यु’ हा एकच स्वर आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. कोशात पहिल्या उल्लेखापाशी उच्चाराची छोटी टीप दिली तर पुरे. नवी चिन्हं शोधत बसू नका. जुळारी आणि वाचक दोघेही वैतागतील.

‘च’ लिहिताना मराठी वाचकाला दोन उच्चार सुचतात, चमच्यातला आणि चहातला. कवी सेर्गेई चावाइन यांच्या नावातला ‘च’ चहातला आहे. डोंगरी मारीत (मारीचं दुसरं लिखित रूप, त्याविषयी पुढे) मात्र दोन्ही वेगवेगळे ध्वनी आहेत, तिथे चमच्यातल्या ‘च’साठी ‘त्स’ लिहिणं सुरक्षित. मारी एल या रशियातल्या मारी प्रजासत्ताकाची राजधानी ‘योश्कार-ओला’, मधली जोडरेघ ठेवून. ‘योश्कार’ म्हणजे लाल, ‘ओला’ म्हणजे शहर. ‘जोश्कर’ हे लॅटिन ‘जे’ इंग्रजी पद्धतीने वाचल्यामुळे होतं.

इंटरनेटवरून मारी शब्द उचलताना एक तांत्रिक खाचखळगा सांभाळा. पूर्वी मारी अक्षरं नसलेल्या कळफलकांवर लोक दिसायला सारखी लॅटिन अक्षरं वापरत, सिरिलिक ‘उ’ऐवजी लॅटिन ‘वाय’वर दोन टिंबं देऊन. डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे शोध घेतला तर निम्मे दाखले सापडतच नाहीत. ‘ङ’साठीच्या अक्षराचंही तसंच. मारीत ‘न’ आणि ‘ग’ यांची जोडाक्षरासारखी आकृती आहे, तर तातार आणि कझाकमध्ये शेपटीवाला ‘न’. मूळ लिपीत शब्द द्यायचा असेल तर ही दोन अक्षरं आधी तपासा. (‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टंकला जातो आणि मग ‘सुधारणाऱ्या’ शोधला तर सापडत नाही, हे अनुभवलेल्यांना जास्त सांगायला नको.)

भाषा एक की दोन, हा प्रश्न दर नोंदीत येतो. लिखित प्रमाणभाषा दोन आहेत. एक कुरणी-पूर्वी मारी, जी बहुसंख्य लोक वापरतात, आणि दुसरी डोंगरी मारी, जी मुख्यतः व्होल्गेच्या उंच उजव्या काठावर, कोझ्मोदेम्यान्स्कच्या आसपास बोलली जाते. डाव्या काठाचा प्रदेश सखल, म्हणून ‘कुरणी’. मारी एल प्रजासत्ताकात दोन्ही रूपं रशियनबरोबर राज्यभाषा आहेत. ‘बोली’ हा शब्द डोंगरी मारीला लावू नका. तिचं स्वतःचं शुद्धलेखन आणि साहित्य आहे.

व्याकरण समजावताना आपले लेखक इंग्रजी पुस्तकांतली उदाहरणं घेतात आणि वाचकाला सोपी गोष्ट अवघड करून सांगतात. नकाराचं उदाहरण घ्या. इंग्रजी पुस्तकात ‘नकारार्थी क्रियापद’ हे मोठं नवल म्हणून येतं. मराठी माणसाला त्यात नवल कसलं? आपण ‘येत नाही, येत नाहीस, येत नाहीत’ म्हणतो, म्हणजे पुरुष-वचनाचा प्रत्यय ‘नाही’लाच लावतो. मारीत मुख्य क्रियापद ‘तोल’ जागचं हलत नाही आणि नकाराचा शब्द बदलतो. ‘ओम तोल’ म्हणजे मी येत नाही, ‘ओत तोल’ तू येत नाहीस, ‘ओगेश तोल’ तो किंवा ती येत नाही, ‘ओगना तोल’ आम्ही, ‘ओगदा तोल’ तुम्ही, ‘ओगत तोल’ ते येत नाहीत. फरक इतकाच की नकार आपल्याकडे मागे येतो, त्यांच्याकडे पुढे. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, तेही आपल्यासारखंच. ‘लुदन पताराश’चा अनुवाद शब्दाला शब्द ‘वाचून संपवणं’ असा होतो. इंग्रजीच्या नादाने त्याचं ‘पूर्ण वाचन करणं’ करण्यात काय हशील?

भूतकाळात मात्र सावध राहा. ‘तोल्यो’ आणि ‘तोलन’ या दोन्हींचं रशियन भाषांतर एकच होतं, त्यामुळे रशियनवरून काम करणारा दोन्ही ठिकाणी ‘आला’ लिहितो. पहिला काळ बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टीचा, दुसरा ऐकीव किंवा खुणांवरून कळलेल्या गोष्टीचा. मराठीत दुसऱ्यासाठी ‘आला म्हणे’, ‘आलेला दिसतोय’ अशा सरळ सोयी आहेत. लोककथांत याचं महत्त्व फार, कारण कथा सांगणारा कुठे ऐकीव काळ सोडून पाहिल्याचा काळ धरतो त्यावर प्रसंगाचा जोर ठरतो.

लिंगाच्या बाबतीत मराठीचीच अडचण आहे. मारीत व्याकरणिक लिंग नाही. ‘तुदो’ म्हणजे तो, ती आणि ते. मराठीत क्रियापद लावायचं म्हटलं की लिंग ठरवावंच लागतं. अनुवादक मग रशियन प्रतीकडे पाहतो, आणि तिथे ज्या अनुवादकाने ठरवलेलं असतं त्याचाच निर्णय मराठीत येतो. विशेषतः कवितेत असं ठरवू नका. शक्य तिथे नामाची पुनरुक्ती करा किंवा रीतिभूतकाळातली ‘येई’, ‘जाई’सारखी रूपं घ्या, ज्यांत लिंग उघड होत नाही.

नातेवाचक शब्दांत तर रशियनवाटेने जाणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. मारीत थोरला भाऊ ‘इझा’ (यातला ‘झ’ इंग्रजी ‘झेड’सारखा), धाकटा भाऊ ‘शोल्यो’, थोरली बहीण ‘आका’, धाकटी ‘श्युझार’. रशियनमध्ये यांचे फक्त भाऊ आणि बहीण उरतात, आणि मराठी अनुवादात दादा कोण आणि धाकटा कोण हे कळतच नाही. मूळ प्रत पाहिली तर ‘दादा’ आणि ‘ताई’ निःसंकोच लिहिता येतात.

अनेकवचनाचं ‘व्लाक’ जोडरेघेने लिहितात: मुलं म्हणजे ‘योचा-व्लाक’. रेघ गाळू नका. आणि ‘मध्ये’ या अर्थाचा प्रत्यय तीन रूपांत दिसेल: ‘ओलाश्ते’ शहरात, ‘श्कोलश्तो’ शाळेत, ‘प्योर्तश्त्यो’ घरात. हे तीन वेगळे प्रत्यय नाहीत. शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा शेवटचा स्वर बदलतो. एका पुस्तकात यांना तीन विभक्त्या म्हणून वाढवून ठेवलं की विद्यार्थी पुढे विभक्त्या मोजतच राहतो.

आता ज्या मुद्द्यावर मराठीत सर्वांत जास्त गोंधळ होऊ शकतो तो. मारी ही युरालिक कुळातली, फिनो-उग्रिक शाखेची भाषा. फिनिश, एस्टोनियन, हंगेरियन तिच्या दूरच्या नात्यातल्या. तरीही तिच्यात आपल्या ओळखीचे शब्द आहेत. शंभराला ‘श्युद्यो’, संस्कृत ‘शत’. फिनिशमध्ये तोच ‘साता’. मधमाशीला ‘म्युक्श’, संस्कृत ‘मक्षिका’, जिच्यापासून आपली माशी आली. खुद्द ‘मारी’ हे नावही तरुण किंवा पुरुष या अर्थाच्या ‘मर्य’शी जोडलं जातं. हे वाचून ‘मारी लोक मूळचे भारतातले’ किंवा ‘मारीवर संस्कृतचा प्रभाव’ असं लिहिण्याचा मोह होतो. दोन्ही चूक. हे शब्द संस्कृतातून गेलेले नाहीत. इंडो-इराणी भाषा बोलणारे लोक इसवी सनापूर्वी २०००च्या आसपास व्होल्गा आणि उरलच्या दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशात होते आणि त्यांचे शेजारी युरालिक भाषा बोलत होते. उसनवारी तिथे झाली, वेद रचले जाण्याच्या आधी. संस्कृत आणि मारी या दोघींकडे एकाच तिसऱ्या घरातून आलेली भांडी आहेत, असं म्हणा. दिशा चुकली की सगळा मजकूर प्रचारकी होतो.

उलट, दिसायला सारखे शब्द नेमके फसवतात. मारीतली थोरली बहीण ‘आका’ आणि मराठीतली ‘अक्का’ पाहून कुणाचेही डोळे चमकतील. पण मारी शब्द शेजारच्या चुवाश भाषेतून आलेला आणि आपली अक्का कन्नडकडून. ‘म्युक्श’ आणि ‘माशी’ यांचं नातं खरं, आणि ते ऐकून कळत नाही. संपादकांनी एवढा एकच नियम ठेवला तरी पुष्कळ वाचेल: ध्वनिबदलांची साखळी दाखवता येत नसेल तर तुलना छापू नये.

शेजाऱ्यांचा थर खरोखर रंजक आहे, त्यावर लिहायला हवं. आठवड्याला मारीत ‘आर्न्या’ म्हणतात. हा शब्द फारसी ‘आदीना’ म्हणजे शुक्रवार, यावरून चुवाशमार्गे आला. त्यामुळे शुक्रवार ‘कुगार्न्या’ (मोठा आर्न्या), गुरुवार ‘इझार्न्या’ (धाकटा आर्न्या) आणि रविवार ‘रुशार्न्या’, म्हणजे रशियनांचा. वारांच्या नावांतच कोण कधी शेजारी आलं ते दिसतं.

इतिहासात ‘१५५२मध्ये मारी प्रदेश रशियात सामील झाला’ हे वाक्य ठरलेलं. ते अर्धवट आहे. डोंगरी मारींनी १५५१मध्ये, तातार खानांची राजधानी काझान पडण्याच्या आदल्या वर्षी, मॉस्कोची बाजू धरली. ऑक्टोबर १५५२मध्ये मॉस्कोच्या झार चौथ्या इव्हानने काझान घेतलं, पण कुरणी मारींनी शस्त्रं ठेवली नाहीत. १५५२ ते ५७, १५७१ ते ७४ आणि १५८१ ते ८५ अशी तीन युद्धं झाली. आजची शहरं त्या बंदोबस्तासाठी बांधलेल्या गढ्यांतून उभी राहिली: कोझ्मोदेम्यान्स्क १५८३, त्सार्योवोकोक्शाय्स्क १५८४. हे दुसरं गाव म्हणजेच आजची योश्कार-ओला. लढाया, कर आणि पुढे सक्तीचा बाप्तिस्मा यांना कंटाळून अनेक कुटुंबं पूर्वेकडे बाश्कीर प्रदेशात (आजच्या बाश्कोर्तोस्तानात) गेली. पूर्वी मारी ते हेच, आणि त्यांच्यात जुना धर्म जास्त टिकला. हा दुवा दिला नाही तर बाश्कोर्तोस्तानात एवढे मारी का, हे वाचकाला उमगत नाही.

विसाव्या शतकासाठी तारखा या: ४ नोव्हेंबर १९२० स्वायत्त प्रांत, १९३६ स्वायत्त सोव्हिएत प्रजासत्ताक, २२ ऑक्टोबर १९९० सार्वभौमत्वाची घोषणा. साहित्याचा आरंभ चावाइन यांच्या १९०५मधल्या ‘ओतो’ म्हणजे ‘राई’ या कवितेपासून धरतात. पहिलं व्याकरण त्याच्याही बरंच आधी, १७७५मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापलं गेलं. १० डिसेंबरचा मारी लिपिदिन त्याच्याच आठवणीचा. चावाइन आणि तरुण कवी ओलक इपाय यांना ११ नोव्हेंबर १९३७ या एकाच दिवशी गोळ्या घालण्यात आल्या. ‘१९३७मध्ये निधन’ असं लिहून हे झाकू नका.

धर्माविषयी एक शब्द फार घात करतो. इंग्रजी ‘पेगन’चं मराठी ‘मूर्तिपूजक’ करून टाकतात. मारींच्या पारंपरिक प्रार्थनेत मूर्ती नसते. प्रार्थना राईत, झाडापाशी होते. अशा राईला ‘क्युसोतो’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘देवराई’ हा शब्द नेमका बसतो, फांदी न तोडण्याच्या दंडकासकट. प्रार्थना चालवणारा ‘कार्त’. हंस, बदक किंवा मेंढा अर्पण करतात, मांस मोठ्या कढयांत शिजवतात, त्याच रश्श्यात धान्याची खीरवजा पेज करतात, सगळे मिळून जेवतात आणि हाडं अग्नीत टाकतात. सर्वोच्च देव ‘ओश कुगू युमो’, शुभ्र थोर देव. बरेच मारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत आणि अनेकजण चर्च आणि राई दोन्हीकडे जातात. ‘युरोपातले शेवटचे मूर्तिपूजक’ हे शीर्षक पर्यटन कंपन्यांना लखलाभ.

लोकसंख्येच्या आकड्यापुढे जनगणनेचं वर्ष हवंच, कारण आकडा झपाट्याने उतरतो आहे. रशियात १९८९मध्ये ६,४३,६९८, २००२मध्ये ६,०४,२९८, २०१०मध्ये ५,४७,६०५ आणि २०२१मध्ये ४,२३,८०३. मराठीत जुना आकडा वर्तमानकाळात फिरत राहिला तर वाचकाला दोन लाखांहून जास्त माणसं फुकट दिसतात. शाळेचाही उल्लेख करा. जुलै २०१७मध्ये पुतिन यांनी योश्कार-ओलातच सांगितलं की जी आपली मातृभाषा नाही ती शिकण्याची सक्ती कुणावर नको, आणि २०१८च्या संघीय कायद्याने प्रजासत्ताकांच्या भाषांचं शिक्षण पालकांच्या लेखी इच्छेवर सोपवलं.

राहिली छायाचित्रं. पांढऱ्या पोशाखावर गडद भरतकाम आणि डोक्यावर टोकदार शिरोवस्त्र असलेल्या बाईच्या फोटोखाली ‘रशियन लोकवेश’ अशी ओळ नको. ते शिरोवस्त्र ‘शमाक्श’, विवाहित कुरणी आणि पूर्वी मारी स्त्रियांचं. डोंगरी मारी बायका ‘शार्पान’ नावाची लांब पट्टी बांधत. फोटो कोणत्या गटाचा हे ठाऊक नसेल तर नुसतं ‘मारी स्त्री’ लिहा.

कळावे,
मारी भाषेचे काही मराठी अभ्यासक